रागावण्याआधी

१० डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूबवर स्वतःचं अकाउंट ठेवता येत नाही. नियम मोडला तर दंड कंपनीला, तोही ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना नाही. आपल्या इथल्या मंडळातल्या बऱ्याच आईबाबांना हायसं वाटलं. कायदा हवाच होता. पण त्याच्या भरवशावर निर्धास्त राहता येणार नाही. व्हॉट्सॲप या बंदीत नाही आणि सोळावं सरलेल्यांना सगळंच खुलं आहे.

आम्हाला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती फोटोवरून उकळल्या जाणाऱ्या खंडणीची. तिला बळी पडतात ते बहुतांशी मुलगे. आपण मात्र मुलीला दहा सूचना देतो आणि मुलाला एकही नाही.

प्रकार ठरलेला असतो. मुलाच्याच वयाची वाटणारी एखादी मुलगी ओळख काढते, गप्पा रंगतात, ती स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवते आणि त्याचा मागते. त्याने पाठवला की काही मिनिटांत सूर पालटतो. स्क्रीनवर त्याच्याच मित्रयादीचा फोटो येतो: वर्गातली मुलं, पुण्याची आतेबहीण, मंडळाच्या ढोलपथकातला दादा. पैसे दे, नाहीतर तुझा फोटो या सगळ्यांना पाठवतो. पलीकडे मुलगी नसतेच, खंडणीखोरांची टोळी असते. पैसे दिले की मागणी वाढते.

या टोळ्यांचं सगळं भांडवल म्हणजे मुलाला वाटणारी लाज. आणि आपल्या घरांत ते आयतं मिळतं. ‘लोक काय म्हणतील’, ‘आपल्या घरात असलं चालत नाही’ हे ऐकत वाढलेलं पोर रात्री अकरा वाजता आईबाबांच्या खोलीचं दार वाजवणार नाही. म्हणून आजच, काही घडलेलं नसताना, त्याला स्पष्ट सांगा: असं झालं तर आधी आम्हाला सांग, आम्ही ओरडणार नाही. आणि तो आला तर खरंच ओरडू नका. फोन हिसकावून घेऊ नका. फोन जाईल या भीतीनेच कितीतरी मुलं गप्प बसतात.

मग कामाला लागा. पैसे द्यायचे नाहीत. चॅट पुसायचं नाही, स्क्रीनशॉट काढायचे आणि मगच ब्लॉक करायचं. तक्रार फेडरल पोलिसांच्या बालशोषणविरोधी केंद्राकडे करायची. फोटो पसरलाच, तर ऑनलाइन सुरक्षा पाहणाऱ्या ई-सेफ्टी आयुक्तांना तो २४ तासांत काढायला लावण्याचा अधिकार आहे. मुलाला घरच्यांशी बोलणं जमत नसेल तर किड्स हेल्पलाइन, १८०० ५५ १८००, दिवसरात्र चालू असते. हा नंबर त्याला आत्ताच देऊन ठेवा.

थोडं मंडळाबद्दलही. गणेशोत्सवातले मुलांचे फोटो आपण नाव, इयत्ता, शाळेसकट फेसबुकवर टाकत आलो. कौतुकापोटी टाकतो, पण एवढ्या माहितीवर कुणालाही त्या मुलाशी ओळख काढता येते. यापुढे मंडळाच्या पानावर मुलांची नावं आणि शाळा येणार नाहीत, आणि फोटो पालकांच्या लेखी परवानगीनेच येतील. जुने फोटो काढून टाकायचे असतील तर कार्यकारिणीला कळवा; कारण सांगायची गरज नाही.