पस्तीस दिवसांची इर्जीक

गांवांत दारूनें एखादें घर बसलें कीं आपण काय करतों? पारावर बसून त्या माणसास शिव्या देतों, नाहींतर त्याच्या बायकोस मांत्रिकाचा पत्ता सांगतों. कोणी भाजींत गुपचूप घालावयाची पुडी आणून देतो. आम्ही मुलें शिकवितों. कोणाच्या घरांत बाटली शिरली, हें आम्हांस हजेरीपटावरून कळतें.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, व्यसन हा रोग आहे. रोज पिणाऱ्यानें एकाएकीं दारू सोडली तर हातपाय कांपतात, झटके येतात, भ्रम होतो. प्रसंगीं जीवही जातो. यासच लोक भुताटकी म्हणतात. म्हणून पहिले कांहीं दिवस डॉक्टरांच्या नजरेखालीं काढावे लागतात. दारू नकोशी करणारी गोळीही डॉक्टरांच्या सल्ल्यानें व रोग्यास सांगूनच द्यावयाची असते. चोरून दिली आणि वर तो प्याला, तर जिवावर बेततें.

पुण्यास डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनीं १९८६ सालीं मुक्तांगण व्यसनमुक्ति केंद्र काढलें. तेथील निवासी उपचार पस्तीस दिवसांचा. अंगांतील विष उतरलें कीं समुपदेशन, गटांत बसून मोकळें बोलणें, व्यायाम, आणि घरच्या माणसांचीही समजावणी. बरे झालेले रोगीच पुढें इतरांस हात देतात.

पण आमचा बांधव विचारतो, "गुरुजी, पांच आठवडे मी तिकडे गेलों तर पेरणी कोण करील? भाता कोण ओढील?" प्रश्न खरा आहे, श्रीमंतास तो पडत नाहीं. उत्तर आपल्या वाडवडिलांनींच देऊन ठेवलें आहे: इर्जीक. ज्याचें रान मागें पडलें त्याच्या रानांत साऱ्यांनीं आपापलीं औतें घालावयाचीं. ज्या गांवास एका दिवसांत रान नांगरून देतां येतें, त्यास पस्तीस दिवस एक घर सांभाळतां येणार नाहीं काय?

१८८० सालीं जोतीराव फुल्यांनीं पुण्यांतील दारूच्या दुकानांस हरकत घेतली होती. ती हरकत आपण चालूं ठेवूंच. पण जो आधींच बुडाला आहे, त्यास वर कोण काढणार?

पस्तीस दिवसांनीं परत आलेला माणूस नुकता बरा होऊं लागलेला असतो. वरातींत त्यास "एक घोट घे" म्हणणारा त्याचा वैरी समजावा. तो पुन्हां घसरला तर हंसूं नका, पुन्हां धाडा. कोठें न्यावें हें ठाऊक नसेल, तर १४४४६ या सरकारी क्रमांकावर विचारा. आणि त्याच्या पोराच्या नांवापुढें आम्हांस पुन्हां 'हजर' लिहूं द्या.