उसना पत्ता

शाळेच्या छापील कागदावर घरगुती भांडणाची पत्रे लिहिणारा मास्तर गावात चेष्टेचा विषय होत असे. आज तोच मास्तर शाळेने दिलेल्या ई-मेलच्या पत्त्यावर फेसबुकचे खाते उघडतो, त्यावरून निवडणुकीवर मते देतो, शेजाऱ्याशी हुज्जत घालतो, आणि यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मला वाटते. ते स्पष्ट सांगावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

पत्ता म्हणजे नुसती सोय नव्हे. त्यातील वाटोळ्या चिन्हापुढे जे नाव येते ते संस्थेचे असते. त्या नावाखाली मी काही बोललो की वाचणाऱ्याला माझ्यामागे शाळा उभी दिसते. ते वजन माझे नव्हे. मी ते कोणाला न विचारता उचललेले असते. याला आपल्या भाषेत जो शब्द आहे तो मास्तरांच्या बाबतीत वापरणे मला जिवावर येते.

पण यात खरा तोटा शाळेचा नसून मास्तराचाच आहे. माझ्या परिचयाच्या एका शिक्षकाने वर्गाच्या गळक्या छपराविषयी अशाच खात्यावर लिहिले. लिहिले ते अक्षरशः खरे होते. मी तो वर्ग पाहिला आहे. संचालकांनी त्यांना बोलावले. छपराचा उल्लेखही झाला नाही. प्रश्न एकच, “शाळेचा पत्ता कोणाच्या परवानगीने वापरलात?” या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्या दिवशी पत्ता बंद झाला. खात्याचा परवलीचा शब्द त्यांना आठवेना, आणि नवा मागवावा तर तो त्याच बंद पत्त्यावर जाणार! सात वर्षांचे लेखन एका कारकुनाच्या बोटाखाली गेले. त्यांनी माफीपत्र लिहून दिले. छप्पर अजून गळते आहे.

पत्ता ज्याच्या हाती, खाते त्याच्या हाती, हे इतके साधे आहे. सत्य सांगायला उसन्या जागेवर उभे राहिलात की लोक सत्याची चर्चा करीत नाहीत, जागेची करतात. खोटे लपविणाऱ्याला याहून मोठी देणगी कोणती द्यावी?

कोणी म्हणेल, दोन पत्ते सांभाळण्याचा व्याप कोणी करावा? घराची आणि शाळेची अशा दोन किल्ल्या आपण सांभाळतोच की!

आता नाण्याची दुसरी बाजू. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी समाजमाध्यमांविषयी परिपत्रक काढले. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, असे त्यात सांगितले आहे. शंभर टक्के मान्य! पण शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नका, असेही त्याच परिपत्रकात म्हटले आहे. म्हणजे खाते माझे, पत्ता माझा, वेळ माझी, आणि तोंड मात्र सरकारचे! मग वेगळे खाते ठेवायचे ते कशाला? लग्नाचे फोटो लावायला?

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून त्यांनी ‘प्रभाकर’ पत्रात शतपत्रे लिहिली ती कचेरीचा हुद्दा लावून नव्हे. खाली सही ‘लोकहितवादी’ अशी होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक. त्यांनी १८७४ मध्ये स्वतःची ‘निबंधमाला’ काढली, रत्नागिरीची बदली सोसली, आणि १८७९ मध्ये नोकरीच सोडली. दोघांचे मार्ग निराळे. पण शतपत्रांतले आणि ‘निबंधमाले’तले शब्द दोघांनीही धन्याच्या कागदावर लिहिले नाहीत. म्हणूनच ते शब्द त्यांचे राहिले.

नोकरी पत्करली म्हणून माणूस मूलभूत हक्कांना मुकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच कामेश्वर प्रसाद यांच्या खटल्यात सांगितले आहे. २०२० मध्ये त्रिपुराच्या उच्च न्यायालयानेही सरकारी नोकराच्या बोलण्याच्या हक्काला दुजोरा दिला. तेव्हा धन्याने आपला पत्ता खुशाल जपावा. माझ्या पत्त्यावर पहारा बसवू नये.

आणि शिक्षकबंधूंनो, तुम्हीही एवढे करा. निवृत्तीच्या दिवशी शाळा शाल देते, नारळ देते, आणि पत्ता काढून घेते. त्या दिवसाची वाट न पाहता आजच आपला पत्ता आपण घ्या. मग छप्पर गळते असे लिहा, खाली स्वतःचे नाव घाला. उत्तर देणे त्यांना भाग पडेल. निदान पत्त्याआड लपण्याची सोय तरी त्यांना उरणार नाही.