दुखणे दिसत नाही म्हणून

'वेड घेऊन पेडगावला जाणे' ही म्हण मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. म्हणीतले पेडगाव श्रीगोंदे तालुक्यातील, भीमाकाठचे, असे मानले जाते. परंतु परभणी तालुक्यातील पेडगावचा शिक्षक वा शेतमजूर रस्त्यावर अपघातात सापडला, तर त्याच्याही वाट्याला ह्याच म्हणीतला संशय येतो.

मोटारीला मागून धडक बसते. हाड मोडत नाही, रक्त येत नाही. मात्र हिसक्याने मानेचे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात. वेदना पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि क्ष-किरण चित्रात ती उमटत नाही. पुढील वाहनापासून सुरक्षित अंतर राखणे हे मागच्या चालकाचे कर्तव्य असल्याने दोष कोणाचा, हा प्रश्न येथे सहसा बिकट नसतो. वाद उरतो तो दुखण्याच्या खरेपणाचा.

हा संशय सर्वस्वी निराधार नव्हे. इंग्लंडमध्ये अशा दाव्यांचे पेव फुटल्याची ओरड झाली. तेव्हा २०१८ च्या कायद्यान्वये दुखण्याच्या कालावधीनुसार भरपाईचे दरपत्रकच ठरले आणि ते ३१ मे २०२१ पासून लागू झाले. त्या दरपत्रकाच्या कडकपणाविषयी मतभेद असू शकतील. तथापि त्यातील एक तत्त्व ग्राह्य आहे. दुखणे तेथे हाडांनी नव्हे, दिवसांनी मोजले जाते.

आपल्या कायद्यालाही हे माप अपरिचित नाही. मोटार वाहन कायद्याने 'गंभीर दुखापती'ची व्याख्या दंडसंहितेकडून उसनी घेतली आहे. मोडलेल्या हाडाबरोबरच, ज्या इजेने माणूस ठराविक दिवस तीव्र वेदनेत राहतो वा नेहमीचे काम करू शकत नाही, तीही तीत बसते. जुन्या संहितेत हे दिवस २० होते. १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत ते १५ आहेत. दोष सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये देण्याची तरतूद १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. उपचारकाळात बुडालेले उत्पन्न ही कायम अपंगत्वाहून वेगळी बाब आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार ह्या खटल्यात स्पष्ट केले आहे.

मग अडते कोठे? नोंदीपाशी. तीन आठवडे पोते न उचलू शकलेल्या मजुराजवळ पगारपत्रक नसते. शिक्षकाचा पगार चालू राहतो, म्हणून त्याचे नुकसानच झाले नाही असे भासते. वस्तुतः खर्ची पडलेली रजा हीही त्याची मिळकतच होय. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीने दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली. दुखणे अंगावर काढण्याची सवय असलेल्या समाजाला ती थोडीच.

म्हणून पहिल्याच तपासणीत मानेची तक्रार, वेदना आणि कामास असमर्थतेचे दिवस लिहिणे सरकारी रुग्णालयांना बंधनकारक करावे. मजुराच्या उत्पन्नासाठी किमान वेतन आधार मानावे. खोटा दावा अशा नोंदीपुढे टिकणार नाही आणि खऱ्या जखमीला आपण वेड घेतलेले नाही, हे शपथेवर सांगत बसावे लागणार नाही.