जालन्यात ‘नो व्हेईकल डे’ : गाड्या थांबवा, पण कोणाची रोजी थांबायला नको

दरवर्षी २२ सप्टेंबरला जगातल्या अनेक शहरांत ‘कार-फ्री डे’ पाळला जातो. एखादा मोठा रस्ता दिवसभर मोटारींना बंद होतो. लोक पायी फिरतात, मुलं बिनधास्त सायकल चालवतात. महाराष्ट्रातही २ ऑक्टोबर २०२० ला ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाल्यापासून अनेक पालिका आणि सरकारी कार्यालयांत ‘नो व्हेईकल डे’ होऊ लागला. साहेब सायकलवर येतात, फोटो निघतात, बातमी छापून येते. दुसऱ्या दिवशी पार्किंग पुन्हा भरलेलं असतं. त्यामुळे लोक विचारतात, एका दिवसाने असा काय फरक पडणार?

प्रश्न रास्त आहे. पण जालनेकरांनी तो हसण्यावारी नेऊ नये, कारण हवेचा मामला आपल्या घरापर्यंत आलेला आहे.

जालना त्या यादीत का आहे?

केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. ज्या शहरांची हवा सलग काही वर्षं ठरलेल्या मर्यादेबाहेर राहिली, त्यांची यादी झाली. महाराष्ट्रातून त्यात मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद ही मोठी शहरं आहेत आणि जालनाही आहे. २०११ च्या जनगणनेत आपली लोकसंख्या होती २ लाख ८५ हजार. म्हणजे गाव मध्यम, पण हवेची तक्रार महानगराची.

कारणं सगळ्यांना माहीत आहेत. जालना ही सळईची नगरी. देशभरातून भंगार येतं, एमआयडीसीतल्या भट्ट्यांत वितळतं आणि रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर पडतं. भंगार आणणारे ट्रक, सळई नेणारे ट्रक, भट्ट्यांचा धूर, उखडलेल्या रस्त्यांची धूळ आणि शहरातल्या गाड्यांचा धूर, हे सगळं एकाच हवेत मिसळतं. आपल्या देशात पीएम २.५ या बारीक कणांची वार्षिक मर्यादा एका घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली पातळी फक्त ५ आहे. हे कण इतके बारीक असतात, की थेट फुप्फुसात उतरतात. त्याचा सगळ्यात जास्त त्रास लहान मुलांना, बुजुर्गांना आणि दिवसभर रस्त्यावर कमावणाऱ्या माणसाला होतो.

आता एक हिशोब बघा. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ने २०२४ मध्ये या कार्यक्रमाच्या खर्चाचा आढावा घेतला. देशभरात सुमारे ६४ टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेला होता, वाहनांच्या धुरावर सुमारे १३ टक्के, आणि कारखान्यांच्या प्रदूषणावर १ टक्कासुद्धा नाही. जालन्यासारख्या भट्ट्यांच्या शहरासाठी ही वाटणी किती उलटी आहे, ते वेगळं सांगायला नको.

इतर शहरांनी काय केलं?

पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला ‘पादचारी दिन’ साजरा करते. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याचा एक पट्टा गाड्यांना बंद असतो. ऐन बाजारपेठेतला रस्ता, तरी लोक येतात, चालतात, खरेदीही करतात.

कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात २४ फेब्रुवारी २००० ला पहिला मोटारमुक्त दिवस झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोकांचं मतदान घेऊन तो दरवर्षीचा केला गेला. आणि डिसेंबरमध्ये तिथे वेगळ्या मार्गिकेवरून धावणारी मोठी बससेवा सुरू झाली. लोकांना ‘गाडी सोडा’ सांगितलं, तेव्हा चढायला बसही दिली.

इंडोनेशियाच्या जकार्तात दर रविवारी सकाळी शहराचा मुख्य रस्ता मोटारींना बंद असतो, बस मात्र चालू राहते. कुटुंबं मुलाबाळांना घेऊन येतात आणि छोट्या विक्रेत्यांचा चांगला धंदा होतो.

दिल्लीचा धडा वेगळा आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे पंधरा दिवस सम-विषम योजना झाली. रस्ते थोडे मोकळे झाले, पण हवा किती सुधारली यावर तज्ज्ञांत वाद राहिला. दुचाकींना तेव्हा पूर्ण सूट होती.

हा मुद्दा जालन्यासाठी महत्त्वाचा आहे. आपल्याकडे गर्दी मोटारींची कमी, दुचाकी, रिक्षा आणि मालवाहू गाड्यांची जास्त. दिल्लीसारखी नुसती ‘कार’ बंद केली तर सदर बाजारात काही फरक दिसणार नाही. आणि सरसकट सगळंच बंद केलं, तर पहिला फटका कोणाला बसेल?

बंदीचं ओझं कोणावर?

रिक्षावाल्याला रोज संध्याकाळी हप्त्याचे, गॅसचे पैसे बाजूला काढायचे असतात. फळांची गाडी लावणारा सकाळी उधारीवर माल उचलतो आणि रात्री फेडतो. गॅरेजवाला, हमाल, टेम्पोवाला, भंगार गोळा करणारा, यांचा एक दिवस गेला म्हणजे घरातली एक दिवसाची चूल गेली. आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी घरं याच कामांवर चालतात. साहेबांना सायकलचा दिवस म्हणजे बदल, यांच्यासाठी तो खाडा आहे.

आणखी एक भीती आहे. वाहतूक कोंडीचा विषय निघाला, की बोट आधी हातगाडीवाल्याकडे जातं. दुकानासमोर तासन्‌तास उभी असलेली मोटार कोणाला दिसत नाही, चार फुटांची हातगाडी मात्र लगेच ‘अतिक्रमण’ होते. रस्ता मोकळा करण्याच्या नावाखाली गरिबाची गाडी उचलून नेली, तर त्या दिवसाचा हेतूच हरला.

कायदा इथे आपल्या बाजूने आहे. २०१४ च्या फेरीवाला कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांमधून निवडून आलेले असायला हवेत. रस्त्याबाबतचा निर्णय या समितीला विचारूनच झाला पाहिजे.

मग जालन्यात करायचं कसं?

जालना नगरपालिकेची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. नाव मोठं झालं, तसं कामही मोठं व्हावं. सुरुवात छोटी चालेल. महिन्यातून एक रविवार, सकाळचे काही तास, बाजारातला एकच पट्टा. त्यात खासगी मोटारी आणि दुचाकी बंद. हातगाड्या, रुग्णवाहिका, दिव्यांग आणि आजारी माणसांच्या गाड्यांना मुभा. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना रिक्षाथांबे, म्हणजे रिक्षावाल्याला भाडं सुटण्याऐवजी वाढेल.

त्या दिवसाआधी आणि त्या दिवशी हवा मोजा आणि आकडे चौकात फलकावर लिहा. पॅरिसने २०१५ मध्ये मोटारमुक्त दिवस केला, तेव्हा काही भागांत नायट्रोजन डायऑक्साइड ४० टक्क्यांपर्यंत घटल्याचं मोजलं गेलं. आकडा हातात आला की वाद कमी होतो आणि पुढची मागणी करता येते.

पुढच्या मागण्या तीन आहेत. जुना आणि नवा जालना, रेल्वे स्टेशन, एमआयडीसी यांना जोडणारी भरवशाची शहर बससेवा. माल वाहणाऱ्या जड ट्रकना शाळेच्या वेळेत वस्तीतून बंदी. आणि भट्ट्यांच्या धुरावर प्रदूषण नियंत्रण मंडळाची तपासणी, तिचे निकाल लोकांसाठी खुले. हे झालं नाही, तर सामान्य माणूस त्याची स्कूटर बंद ठेवेल आणि चिमणी आपली धूर ओकत राहील.

आपल्या हातात काय आहे?

सगळं सरकारवर टाकूनही चालणार नाही. जुम्याच्या दिवशी आपल्या मशिदींसमोर काय होतं, ते आपणच आठवावं. पाच मिनिटांच्या अंतरावरून दुचाकी येते, आडवी लागते आणि अर्धा तास रस्ता अडतो. त्यात कधी शेजारी अडकतो, कधी रुग्ण. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणं हा ईमानचाच एक भाग आहे, हे आपल्याला लहानपणीच शिकवलं जातं. मशीद कमिटीने ठरवलं, की जवळच्यांनी जुम्याला पायी यायचं आणि दूरच्यांच्या गाड्या चार तरुणांनी ओळीत लावून घ्यायच्या, तर त्याला महापालिकेच्या आदेशाची गरज नाही.

मुलांच्या शाळेचंही तसंच. एका गल्लीतली पाच-सहा मुलं एका मोठ्या माणसाबरोबर चालत गेली, तर शाळेच्या दारात पाच-सहा स्कूटर कमी होतील.

‘नो व्हेईकल डे’ने जालन्याची हवा एका दिवसात साफ होणार नाही. पण गाड्या नसताना आपला बाजार कसा दिसतो, हे लोकांना एकदा डोळ्यांनी बघू द्या. त्यानंतर बस, ट्रक आणि चिमणीचा प्रश्न तेच विचारतील. तो दिवस ठरवताना मात्र टेबलावर रिक्षावाला आणि हातगाडीवालाही बसलेला हवा.