गुदाशयाचा कर्करोग : बातम्या नव्या, अडचण जुनीच

सध्या आपल्या व्हॉट्सॲप गटांवर एक बातमी पुन्हा पुन्हा फिरते आहे. गुदाशयाच्या कर्करोगावर औषध सापडले, आता ऑपरेशनची गरज नाही, अशी ती बातमी. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे. याच काळात आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, सत्तरी ओलांडलेल्या सर्वांसाठी आयुष्मान कार्ड आले आणि जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. या सगळ्यातून बडोद्यातल्या आपल्या कुटुंबांच्या पदरात नेमके काय पडते, हे पाहू या. आम्ही डॉक्टर नाही. पण बँकेत हयात घालवलेल्या माणसाला कोणतीही योजना वाचताना खालची बारीक अक्षरे आधी वाचायची सवय असते. त्याच नजरेने हा विषय पाहिला आहे.

आजार कुठे आणि कसा

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा सुमारे १५ सेंटिमीटरचा भाग. इथला कर्करोग बहुधा एका लहानशा कोंबापासून सुरू होतो. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात. त्याचा कर्करोग व्हायला बहुतेक वेळा अनेक वर्षे लागतात. म्हणजे निसर्ग आपल्याला मुदत देतो. ती मुदत आपण वाया घालवतो, कारण लक्षणे ओळखीची वाटतात. शौचावाटे रक्त पडणे, पोट साफ न झाल्याची भावना, वारंवार जावेसे वाटणे, शौचाच्या सवयीत बदल, कारण नसताना वजन घटणे किंवा हिमोग्लोबिन कमी होणे ही ती लक्षणे. रक्त दिसले की घरात पहिला शब्द निघतो, ‘मूळव्याध’. मग इसबगोल, ताक, ओळखीच्या कोणीतरी सांगितलेले मलम. पुष्कळदा ती खरोखर मूळव्याधच असते. पण ते तपासणीनंतर ठरवायचे असते, अंदाजाने नव्हे. मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

हा केवळ म्हाताऱ्यांचा आजार आहे असेही समजू नये. पन्नाशीच्या आतल्या रुग्णांचे प्रमाण अनेक देशांत वाढते आहे. अमेरिकेत २०२१ पासून तपासणीचे सुचवलेले वय ५० वरून ४५ वर आणले गेले, ते याच कारणाने.

निदान : पहिली पायरी सर्वांत स्वस्त

पहिली तपासणी म्हणजे डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने केलेली तपासणी. दोन मिनिटांचे काम, खर्च जवळजवळ नाही. खालच्या भागातली गाठ यातच हाताला लागू शकते. लाज वाटते म्हणून रुग्ण टाळतो, घाईत म्हणून कधी कधी डॉक्टरही टाळतात. रक्त पडत असेल तर ही तपासणी आपणच मागावी.

पुढे कोलोनोस्कोपी होते. दुर्बिणीने संपूर्ण मोठे आतडे पाहून संशयास्पद जागेचा तुकडा बायोप्सीला पाठवतात. बायोप्सीशिवाय कर्करोगाचे निदान पक्के होत नाही. ते झाले की ओटीपोटाचा एमआरआय करतात. गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली आहे आणि आजूबाजूच्या ग्रंथींपर्यंत पोचली आहे का, हे त्यात कळते. छाती व पोटाच्या सीटी स्कॅनने यकृत आणि फुप्फुसे पाहतात. सीईए नावाची रक्ततपासणी पुढच्या तुलनेसाठी करून ठेवतात. या सगळ्याला काही दिवस लागतात. ‘आधी ऑपरेशन उरकून टाका’ अशी घाई घरच्यांनी करू नये, कारण या आजारात उपचारांचा क्रम फार महत्त्वाचा असतो.

उपचार : क्रम बदलला आहे

अगदी सुरुवातीची गाठ असेल तर केवळ शस्त्रक्रिया पुरते. गाठ पुढे गेलेली असेल तर आता बहुधा आधी रेडिएशन व केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया, असा क्रम असतो. रेडिएशन एकतर पाच दिवसांत देतात, किंवा पाच-साडेपाच आठवडे गोळ्यांच्या केमोथेरपीबरोबर देतात. शस्त्रक्रियेत गुदाशय त्याच्या भोवतालच्या चरबीच्या आवरणासह अखंड काढतात. ब्रिटनचे सर्जन बिल हिल्ड यांनी ही पद्धत रूढ केली. तिच्यामुळे त्याच जागी आजार उलटण्याचे प्रमाण खूप खाली आले.

लोकांना खरी भीती वाटते ती पोटावरच्या पिशवीची, म्हणजे स्टोमाची. अनेकांची पिशवी तात्पुरती असते. जोड भरून आला की काही महिन्यांनी ती बंद करतात. गाठ गुदद्वाराच्या स्नायूंपर्यंत पोचली असेल तर मात्र ती कायमची राहते. पिशवी असलेली माणसे नोकरी करतात, प्रवास करतात, लग्नकार्यात पंगतीला बसतात. पिशवीच्या भीतीने उपचार लांबवणे हा सर्वांत महागडा सौदा आहे.

काही रुग्णांची गाठ रेडिएशन व केमोथेरपीनंतर पूर्ण नाहीशी होते. अशा निवडक रुग्णांत शस्त्रक्रिया न करता कडक देखरेख ठेवता येते. ब्राझीलच्या डॉ. अँजेलिता हाब्र-गामा यांनी हा मार्ग दाखवला. पण त्यात ठरलेल्या दिवशी तपासणीला जावेच लागते. ‘आता बरे वाटते’ म्हणून तारीख चुकवणाऱ्यांसाठी हा मार्ग नाही.

त्या बातमीतले उरलेले अर्धे

व्हॉट्सॲपवरचे औषध म्हणजे डोस्टारलिमॅब. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात त्याचा प्रयोग झाला. २०२२ मध्ये १२ रुग्णांचे निष्कर्ष आले, २०२५ मध्ये आणखी मोठ्या गटाचे. गुदाशयाचा कर्करोग असलेल्या आणि उपचार पूर्ण केलेल्या सर्व ४९ जणांत तपासणीत गाठ उरली नव्हती. निकाल थक्क करणारा आहे. पण ही सगळी माणसे एका विशिष्ट प्रकारच्या गाठीची होती. पेशींमधली जनुकीय चुका दुरुस्त करणारी यंत्रणा त्या गाठीत बिघडलेली असते. असे रुग्ण गुदाशयाच्या कर्करोगात साधारण ५ ते १० टक्केच असतात. तेव्हा बातमी पुढे पाठवण्यापेक्षा बायोप्सीच्या तुकड्यावर ‘एमएमआर’ तपासणी झाली का, हे डॉक्टरांना विचारणे अधिक उपयोगाचे. काही घराण्यांत हा दोष वारशाने येतो, म्हणून तो आढळल्यास भावंडांनी आणि मुलांनीही सल्ला घ्यावा.

पैशाची बाजू

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. दिलासा आहेच. पण पॉलिसीत इम्युनोथेरपी आणि गोळ्यांच्या केमोथेरपीवर वेगळी मर्यादा आहे का, स्टोमाच्या पिशव्यांचा खर्च मिळतो का, हे आजच वाचून ठेवावे. दवाखान्यात भरती झाल्यावर नव्हे.

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीपासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान योजनेचे कार्ड मिळते. पेन्शनरांपैकी अनेकांनी ते ‘आपल्यासाठी नाही’ असे समजून काढलेले नाही. गुजरातेत पात्र कुटुंबांसाठी या योजनेचे संरक्षण २०२३ मध्ये १० लाखांपर्यंत वाढवले आहे. बडोदेकरांना अहमदाबादचे गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूट जवळ आहे, मुंबईचे टाटा मेमोरियल एका रात्रीच्या प्रवासावर आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर व थर्ड एसीच्या भाड्यात पूर्ण सवलत आहे, सोबत्यालाही मोठी सूट आहे.

२०२५ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे उघडण्याचे ठरले, त्यांपैकी २०० त्याच आर्थिक वर्षात. केमोथेरपीसाठी दर खेपेला मोठ्या शहरात जाणे वाचले, तर मजुरी बुडणाऱ्या घराला त्याचे मोल कळेल.

राहिलेली फट

हे सगळे निदान झाल्यानंतरचे. सरकारच्या तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग आहेत, आतड्याचा नाही. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या नागरिकांना शौचातले न दिसणारे रक्त तपासण्याची पेटी दर दोन वर्षांनी घरपोच येते. आपल्याकडे २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार मोठे आतडे व गुदाशय मिळून वर्षाला सुमारे ७० हजार नवे रुग्ण होते. लोकसंख्येच्या मानाने प्रमाण कमी, म्हणून सरसकट तपासणी नाही, हा युक्तिवाद हिशेबाला धरून आहे. पण मग लक्षण दिसताच तपासून घेण्याची जबाबदारी आपल्यावरच येते.

मंडळांच्या आरोग्य शिबिरांत आपण साखर, रक्तदाब आणि डोळे तपासतो. त्यांत एक व्याख्यान या विषयावर ठेवावे, आणि ते स्त्रियांसाठी वेगळेही ठेवावे. घरातली बाई दुखणे अंगावर काढते, आणि हे दुखणे तर बोलायलाही अवघड. मंडळाच्या सभागृहात एकदा उघडपणे बोलले गेले, तर घरी बोलणे सोपे होईल. रक्त दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस पडत असेल, किंवा थांबून पुन्हा पडले असेल, तर वय कितीही असो, डॉक्टरांकडे जावे. एवढे एक वाक्य आपल्या घरात आजच सांगावे.