ओल्या मातीची कबर

अक्कलकोट रोड एमआयडीसीत शुक्रवारी जुम्याच्या वेळी आमच्या गल्लीतला मागांचा आवाज थोडा उतरतो. एरवी इथे दोन माणसांना शेजारी बसूनही मोठ्यानेच बोलावे लागते. टॉवेलचे माग, बॉयलरची वाफ, सुताने भरलेले टेम्पो आणि घराघरांत टॉवेलच्या काठांना शिलाई मारणाऱ्या बायका, असा हा आमचा मोहल्ला. आमच्या अम्मींनी तीस वर्षे हेच काम केले. त्या शिलाईच्या पैशांवर आम्ही बी.एड. झालो, शाळेत लागलो. आता अम्मींचे डोळे साथ देत नाहीत, पण हात सवयीने टॉवेलची घडी घालत असतात.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अशीच एक घडी घालता घालता त्या म्हणाल्या, "मला एकदा अब्बांची कबर बघायची आहे."

अब्बा म्हणजे आमचे नाना. ते सोलापुरी चादरींचे गठ्ठे घेऊन मुंबईला जात. मंगलदास मार्केटच्या आसपास माल द्यायचा, उधारी गोळा करायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी परत यायचे. अम्मी नऊ वर्षांच्या असताना, पावसाळ्यात, नाना मुंबईतच आजारी पडले आणि तिथेच गेले. तार आली तेव्हा दफन होऊन गेले होते. नानी कधी मुंबईला गेल्या नाहीत. घरात एवढेच माहीत होते की मरीन लाइन्सच्या बड्या कबरस्तानात दफन केले. या गोष्टीला साठ वर्षे झाली.

"आत्ताच का?" असे आम्ही विचारले नाही. कारण ठाऊक होते. १८ मे २०२५ च्या पहाटे आमच्या याच वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला आग लागली. मालकाच्या घरातील आणि कामगाराच्या घरातील मिळून आठ माणसे गेली. त्यांत तान्हे लेकरूही होते. त्या दिवसापासून अम्मींची झोप कमी झाली. पहाटे उठून बसत. विचारले तर म्हणत, "काही नाही, आपल्या माणसांची मोजदाद करते."

आम्हाला मात्र दुसरीच काळजी लागली. मुंबईत कबर टिकत नाही, हे आम्ही जाणून होतो. जुहूच्या कबरस्तानाची गोष्ट अनेक वाचकांनाही ठाऊक असेल. मोहम्मद रफी ३१ जुलै १९८० रोजी गेले. धो धो पावसात हजारो माणसे त्यांच्या जनाज्याला लोटली. मधुबालाही त्याच कबरस्तानात दफन आहेत. पण २०१० मध्ये तिथल्या अशा अनेक नामवंतांच्या पक्क्या कबरी काढून टाकण्यात आल्या. कारण साधे होते. नव्या मय्यतींना जागा उरली नव्हती. आज रफींचे चाहते जवळच्या नारळाच्या झाडावरून जागेचा अंदाज घेतात आणि तिथे उभे राहून दुआ करतात. रफींची ही कथा, तर चादरी विकणाऱ्या आमच्या नानांची कबर साठ वर्षांनी कुठून सापडणार?

हे अम्मींना सांगायला हवे होते. आम्ही सांगितले नाही. रोज सकाळी ठरवायचो आणि रोज रात्री पुढे ढकलायचो. शेवटी सिद्धेश्वर एक्सप्रेसची तीन तिकिटे काढली, अम्मींची, आमची आणि आमच्या घरच्यांची.

बडा कबरस्तान मरीन लाइन्स स्टेशनच्या अगदी लगत आहे. एकीकडून लोकल गाड्यांचा खडखडाट येतो, पण आत पाऊल टाकले की झाडांची सावली आणि शांतता. व्यवस्था जुमा मशीद ऑफ बॉम्बे ट्रस्टकडे आहे. नर्गिस १९८१ मध्ये इथेच दफन झाल्या, सुरैया २००४ मध्ये. काही घराण्यांचे जुने ओटे आहेत. बाकी सगळीकडे मातीचे साधे उंचवटे, एकाला लागून एक. २०२० च्या कोरोनात सख्खे नातेवाईक मय्यतीजवळ यायला घाबरत होते, तेव्हा इथल्या स्वयंसेवकांनी दफनाचे काम केले. ज्यांना कोणी नाही अशा हिंदू मृतांचे अंत्यसंस्कारही त्यांच्या रिवाजाप्रमाणे केले. मुंबईसारख्या शहरात जागा अपुरी असेल, पण खांदा देणारे अपुरे पडले नाहीत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

अम्मी फाटकाजवळच थांबल्या. बायकांनी कबरस्तानात जावे की नाही, यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत. आमच्या घरात बायका आत जात नाहीत. "तू जा, जागा बघून ये. मी इथूनच सलाम करते," त्या म्हणाल्या.

आत कार्यालयातील गृहस्थांनी नीट बसवून विचारपूस केली. पूर्ण नाव? आम्हाला नानांच्या वडिलांचे नाव ठामपणे सांगता आले नाही. तारीख? पावसाळा, एवढेच. साल? अम्मींच्या वयावरून काढलेला अंदाज. मुंबईतला पत्ता? माहीत नाही. दफनाची पावती? कधी पाहिलीच नाही. ते गृहस्थ हसले नाहीत, रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "मास्तर, शोधायला काहीतरी हातात पाहिजे ना." मुलांना हजेरीचे महत्त्व सांगत वीस वर्षे काढलेल्या शिक्षकाला स्वतःच्या आजोबांची हजेरी देता आली नाही. चूक कोणाची म्हणायची? आमच्याच घराची.

बाहेर कबर खोदणारे एक वयस्क चाचा भेटले. आम्ही त्यांना साठ वर्षांचा हिशेब सांगितला. कुदळ बाजूला ठेवून ते म्हणाले, "बेटा, इथे जागा कुणाची नसते, पाळी असते." माती आपले काम करते. देह मातीत मिळून गेला की त्याच जागी दुसऱ्याला दफन करता येते, हे फिकहमध्येही मान्य आहे. म्हणजे नाना जिथे असतील तिथे त्यांच्यानंतर किती जण येऊन निजले असतील, याची गणती नाही.

इथे आमच्या हातून जे घडले ते सांगतो. फाटकाकडे परतताना अम्मींचा चेहरा डोळ्यांसमोर आला. रात्रभर बाकावर बसून आलेली सत्तर वर्षांची म्हातारी. तिला काय सांगायचे? एका झाडाखाली एक कबर दिसली. नीट लिंपलेली, वर गुलाबाच्या पाकळ्या. आम्ही मोबाईलवर तिचा फोटो काढला आणि फाटकाशी येऊन म्हणालो, "अम्मी, हीच. चाचांनी दाखवली."

अम्मींनी मोबाईल दोन्ही हातांत धरला. बराच वेळ पाहिले. मग पदर सावरून, हात उचलून दुआ केली. आमच्या घरच्यांनी आमच्याकडे पाहिले आणि नजर वळवली. त्यांना सगळे कळले होते.

परतीच्या गाडीत झोप आली नाही. वर्गात एखादे पोर खोटे बोलले तर आम्ही त्याला उभे करतो. इथे आम्ही आईशी खोटे बोललो होतो, तेही कबरस्तानाच्या दारात, जिथे माणूस आखिरतची आठवण व्हावी म्हणून जातो. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी सुरुवातीला कबरींवर जायला मनाई केली होती आणि नंतर परवानगी दिली. तिचे कारणही हेच सांगितले की त्याने आखिरतची याद येते. आम्हाला मात्र त्या दारात आखिरत आठवली नव्हती.

कुर्डुवाडी मागे पडली. मोहोळच्या आसपास फटफटले. अम्मींनी बसल्या जागी फजर अदा केली. सलाम फिरवल्यावर आम्ही सगळे सांगून टाकले. पाळीची गोष्ट, पावतीची गोष्ट, फोटोची गोष्ट.

अम्मी खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "अरे बाबा, साठ वर्षांच्या कबरीवर ओली माती असते का? मी काय इतकी आंधळी झाले?"

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तू माझ्यासाठी बोललास, ते कळलं. पण बरं केलं नाहीस. अब्बांसाठी मी फाटकातूनच दुआ केली होती, सगळ्यांच्यात ते आलेच. तो फोटो बघून त्या ओल्या मातीतल्या माणसासाठी केली. त्याच्या घरात तर अजून रडणं चालू असेल." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "मला जागा बघायची होती, खरं आहे. नाही मिळाली. पण अब्बांच्या वडिलांचं नावसुद्धा आपल्याला सांगता आलं नाही, याचं जास्त वाईट वाटलं."

आम्ही मान खाली घातली.

सोलापुरात परतल्यावर या वाक्याने आम्हाला स्वस्थ बसू दिले नाही. हजरत उस्मान बिन मजऊन (रजि.) यांना मदिनेच्या जन्नतुल बकीत दफन केले, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) स्वतः एक दगड उचलून त्यांच्या उशाशी ठेवला. आपल्या भावाची कबर ओळखता यावी आणि घरची माणसे त्यांच्याजवळ दफन करता यावीत, एवढाच हेतू. घुमट नाही, संगमरवर नाही, पण ओळख आहे. आपण अनेकदा दोन टोकांना जातो. कोणी कबर पक्की करण्यावर घर विकल्यासारखा खर्च करतो, तर कोणी साधे नाव-तारीखही लिहून ठेवत नाही. मधला रस्ता एका साध्या दगडाइतका सोपा आहे.

आणि दगडही हलतो, हे मुंबईने शिकवले. मग नाव टिकते कशाने? शाळेत दरवर्षी १२ जानेवारीला आम्ही मुलांना सोलापूरच्या चार हुतात्म्यांची आठवण सांगतो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. १९३० च्या मार्शल लॉनंतर त्यांच्यावर खटला चालला आणि १९३१ मध्ये याच तारखेला येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली. सोलापूरच्या पोराला ही नावे कळतात ती कबर किंवा समाधी पाहून नव्हे. घरात, शाळेत, चौकात ती पुन्हा पुन्हा घेतली जातात म्हणून. शहर जे हुतात्म्यांसाठी करते, ते घराने आपल्या माणसांसाठी करायला काय हरकत आहे?

म्हणून आम्ही घरात एक वही केली. साधी, दोनशे पानी. प्रत्येक पानावर एका माणसाचे नाव, वडिलांचे आणि आईचे नाव, गाव, धंदा, इंतकालची तारीख, कबरस्तान, आणि जमल्यास खूण: कोणत्या भिंतीपासून किती पावले, कोणते झाड. त्याखाली दोन रकाने अधिक महत्त्वाचे. कोणाचे देणे होते का? कोणाला काही वचन दिले होते का? माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक तृतीयांशापर्यंत वसीयत आणि त्यानंतर वारसांचे हिस्से, हा क्रम आपल्याला शरीयतने घालून दिला आहे. बायकोचा न दिलेला मेहर हेही कर्जच. चाळीसाव्याच्या जेवणाची यादी आपण बारकाईने करतो, पण देण्याची यादी कोणी करत नाही. कबर सापडली नाही म्हणून मय्यतीचे काही अडत नाही. कर्ज फिटले नाही तर अडते.

दुनियेच्या कागदांकडेही लक्ष असू द्या. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांच्या आत महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करायची असते. कबरस्तानाची पावती म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. दाखला वेगळा काढावा लागतो, आणि पेन्शन, विमा, वारसाची नोंद सगळे त्यावरच अडते. आमच्या वर्गातील किती विधवा माता या एका कागदासाठी चपला झिजवतात, ते आम्ही पाहतो. पावती आणि दाखला, दोन्ही वहीतच चिकटवून ठेवा.

सुट्टीनंतर आठवीच्या वर्गात मुलांना घरून एकच गोष्ट विचारून आणायला सांगितली: पणजोबांचे नाव. सगळ्यांना नाही मिळाले. पण एका मुलीने सांगितले की या प्रश्नामुळे तिचे दादा रात्री अकरा वाजेपर्यंत बोलत होते आणि घरात टीव्ही कोणी लावलाच नाही.

आमच्या वहीचे पहिले पान नानांचे आहे. अम्मींच्या एका चुलत बहिणीला, अक्कलकोटला, नानांच्या वडिलांचे नाव आठवत होते. ते आता पक्क्या शाईत लिहिले आहे. कबरस्तानाच्या रकान्यात 'बडा कबरस्तान, मरीन लाइन्स', आणि खुणेच्या रकान्यात काही नाही. तो कोराच ठेवला आहे. त्यात आता आम्ही कोणतेही झाड लिहिणार नाही.

फोटो आम्ही पुसणार होतो. अम्मींनी पुसू दिला नाही. शुक्रवारी माग थांबले की त्या नानांसाठी, नानींसाठी, मे महिन्यात गेलेल्या आठ जणांसाठी दुआ करतात आणि शेवटी त्या ओल्या मातीतल्या माणसासाठीही. नाव विचारले तर म्हणतात, "मला कुठे माहीत? ज्याच्याकडे मागते त्याला माहीत आहे."