भरपाई कोणास मिळाली?

मॉरिशस बेटावर १ फेब्रुवारी हा सार्वजनिक सुट्टीचा दिवस असतो. इ. स. १८३५ साली याच तारखेस तेथील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. वाचकहो, या सुट्टीचे कौतुक करण्यापूर्वी ज्या कायद्याने ती लाभली, त्याची कलमे आपण नीट वाचावीत. उत्सवात कायद्याचे नाव घेतले जाते. कलमे क्वचितच कोणी वाचतो.

ब्रिटिश पार्लमेंटने हा कायदा १८३३ साली संमत केला. साऱ्या वसाहती मिळून दोन कोटी पौंडांच्या नुकसानभरपाईची तरतूद त्यात आहे. ज्यांच्या श्रमांची पिढ्यान्‌पिढ्या लूट झाली त्यांच्यासाठीच ती असेल, असे कोणासही वाटेल. तसे मुळीच नाही. ती सर्व रक्कम मालकांसाठी होती. गुलामास एक पैही नाही, हातभर जमीनही नाही! सरकारने मालमत्ता काढून घेतली, सबब तिचे मोल मालकास द्यावे, असा हा न्याय. ज्याने अन्याय केला तोच कायद्याच्या दप्तरी नुकसान सोसणारा ठरला.

बरे, सुटका तरी तत्काळ झाली काय? सहा वर्षांखालील मुले तेवढी लगेच मोकळी झाली. इतरांस ‘उमेदवार’ असे गोंडस नाव देऊन त्याच मालकांच्या हाताखाली ठेवण्यात आले. शेतावरील उमेदवाराकडून आठवड्यास ४५ तासांपर्यंत बिनमजुरीचे काम घेण्याची मुभा खुद्द कायद्यानेच दिली होती. ज्याने उभा जन्म ऊस तोडला, त्याने आता कसली उमेदवारी करावयाची? मॉरिशसमध्ये ही पद्धत १८३९ पर्यंत चालली.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकास ले मॉर्न नावाचा उंच डोंगर आहे. पळालेले गुलाम तेथे आश्रय घेत. मुक्तीची वार्ता घेऊन शिपाई वर चढू लागले, तेव्हा ते धरावयासच आले असे समजून कित्येकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असे लोक सांगतात. ही दंतकथा असेलही. पण ज्या गणवेशाने आजवर बेड्याच आणल्या, त्याच्यावर त्यांनी विश्वास तरी का ठेवावा?

मळेवाल्यांनी मात्र पुढची तजवीज आधीच केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी, म्हणजे मुक्तिदिनाच्या तीन महिने आधी, ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ हिंदी मजूर करारावर तेथे उतरले. पुढे असे सुमारे साडेचार लाख लोक आले. मुंबई बंदरातून गेलेले आपले मराठी बांधवही त्यांत होते, व त्यांचे वंशज आजही तेथे आपली भाषा जपून आहेत. करारात मजुरी होती, हा फरक मोठाच. तथापि एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापण्याचा नियमही तेथे होता. २ नोव्हेंबर हाही आता तेथे सुट्टीचा दिवस आहे, आणि तो १ फेब्रुवारीच्या शेजारी ठेवूनच वाचला पाहिजे.

राहता राहिली ती भरपाई. तिच्यासाठी ब्रिटिश सरकारने कर्ज काढले, आणि त्याची अखेरची फेड २०१५ साली झाली. तोवर ब्रिटनच्या करदात्यांत त्या गुलामांचे वंशजही होते.